वही वाचणाऱ्या मॅडम : लातूरमधल्या गणिताच्या एका घरगुती क्लासबद्दल

दहावीच्या गणिताला लेकराला लातूरात कुठं टाकावं हे दर उन्हाळ्यात सगळे एकमेकाला विचारतात आणि उत्तरं पण ठरलेलीच येतात, अमक्याचा रिझल्ट बघा, तमक्याच्या होर्डिंगवर किती फोटो आहेत ते बघा. मी ज्या क्लासबद्दल लिहितेय त्याला होर्डिंग नाही, दारावर पाटी नाही, नाव पण नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. औसा रोडच्या बाजूला एक रिटायर्ड मॅडम आहेत, जिल्हा परिषदेच्या हायस्कूलला गणित शिकवायच्या, त्यांच्या घरी पुढची खोली आणि पोर्च मिळून क्लास भरतो. फक्त नववी-दहावी, फक्त गणित, स्टेट बोर्ड, मराठी मीडियम आणि सेमी दोन्ही चालतं. फी महिन्याला १५०० रुपये आणि ती पण महिना संपल्यावर. मॅडमचं नाव टाकत नाही कारण त्यांनीच सांगितलंय की बाई माझ्याकडं सतरंजीवर आणखी जागा नाही, उगं लोक पाठवू नका. (तरी लिहायलेय. जागा नसली तरी पद्धत तरी कळू द्या लोकांना.)

आधी माझी मुलगी ट्युशन एरियातल्या एका मोठ्या क्लासला होती, नाव नको. एसी हॉल, माईक, प्रोजेक्टर, छापील नोट्स, दर रविवारी टेस्ट आणि संध्याकाळी मोबाईलवर रँक. शिकवणारे सर हुशार होते त्यात वाद नाही, पण फळ्यावर तीन ओळीत गणित संपायचं आणि वर ट्रिक सांगायचे, आणि मुलगी घरी आली की वहीत काय दिसायचं तर प्रश्न, मग एकदम उत्तर, आणि मध्ये कुठंतरी कोपऱ्यात आडवातिडवा गुणाकार. विचारलं हे कसं आलं तर "अगं मम्मी ते डोक्यात केलं". टेस्ट ऑप्शनवाली, त्यामुळं मार्क चांगले पडायचे. शाळेच्या सहामाहीला लेखी पेपर आला आणि तिथं मात्र गाडी अडकली, उत्तरं बरोबर असून मार्क कापलेले. मोठ्या क्लासला जाऊन विचारलं तर काउंटरवरच्या पोरानं सांगितलं की मॅम वही चेक करणं आमच्या पॅकेजमध्ये नाही. पॅकेजमध्ये नाही! फीचे हप्ते मात्र पॅकेजमध्ये होते.

तर मॅडमकडं येऊ. पहिल्या दिवशी त्यांनी काही शिकवलंच नाही म्हणे, नुसती वही आखायला लावली. लाँगबुकच्या पानाला उजवीकडून चार बोटं सोडून उभी रेघ, त्या रेघेच्या उजवीकडं कच्चं काम, डावीकडं पक्कं. एका ओळीत एकच पायरी. बरोबरची (=) चिन्हं एकाखाली एक आली पाहिजेत. खोडरबर बंद. चुकलं तर त्याच्यावर एक आडवी रेघ मारायची, पण खालचं वाचता आलं पाहिजे, कारण चूक कुठं झाली ते मला बघायचंय असं त्यांचं म्हणणं. व्हाइटनर आणलं तर जप्त, वर्षाच्या शेवटी परत मिळतं. मुलीला पहिला आठवडा हे सगळं दुसरीच्या वर्गासारखं वाटलं आणि ती चिडून होती, मला पण वाटलं की वहीच्या टापटिपीसाठी १५०० रुपये देतोय का आपण.

पण टापटीप हा विषयच नाही हे हळूहळू कळतं. एका मुलाचं अक्षर अगदी कोंबडीचे पाय आहे, त्याला मॅडम कधी बोलत नाहीत, कारण त्याची पायरी न पायरी असते. आणि एका मुलीची वही चार रंगांच्या जेल पेननं सजवलेली, हेडिंगला डबल अंडरलाइन, तिला मात्र रोज ऐकावं लागतं. मॅडम वही तपासत नाहीत, वाचतात. डॉक्टर केसपेपर वाचतात तसं, वरून खाली, बोट ठेवून, आणि जिथं बोट थांबलं तिथं विचारतात "हे वरून खाली कसं आलं?" लेकरानं तोंडी बरोबर सांगितलं तरी म्हणतात "मग लिही की, बोर्डाचा पेपर तपासणाऱ्याला तू फोन करून सांगणारेस का?"

आता एक उदाहरण नीट सांगते, कारण मला हा क्लास खरा पटला तो ह्या गणितामुळं. गणित साधंच होतं: आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरनं जास्त आहे, क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर, तर लांबी रुंदी काढा. मुलीनं रुंदी एक्स धरली, समीकरण मांडलं एक्स (एक्स + ५) = ८४, म्हणजे एक्सवर्ग + ५एक्स − ८४ = ०, अवयव पाडले (एक्स + १२)(एक्स − ७) = ०, इथपर्यंत ठीक. आणि पुढची ओळ डायरेक्ट: लांबी १२ मीटर, रुंदी ७ मीटर. उत्तर एकदम बरोबर. १२ गुणिले ७ चौऱ्याऐंशी, फरक पाच. कुठल्याही पोराला वाटेल झालं, पुढचं गणित घ्या.

मॅडमनी तिथं बोट ठेवलं. बारा कुठून आले? मुलगी म्हणाली ह्या कंसातून. मॅडम म्हणाल्या त्या कंसातून उणे बारा येतात. मग मुलगी म्हणाली लांबी उणे नसते म्हणून चिन्ह काढलं. आणि इथं माझ्या पोरीची वही बाजूला ठेवून मॅडमनी पूर्ण बॅचला दुसरं गणित घातलं, लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा १ मीटरनं जास्त, क्षेत्रफळ ७८. आता समीकरण होतं २एक्सवर्ग + एक्स − ७८ = ०, अवयव (एक्स − ६)(२एक्स + १३) = ०, किमती येतात ६ आणि उणे ६.५. मुलीनं त्याच पद्धतीनं लिहिलं, रुंदी ६, लांबी ६.५. मॅडम म्हणाल्या गुणाकार करून बघ. ३९ आले. निम्मी बाग कुठं गेली?

मग सगळं उलगडून सांगितलं म्हणे. पहिल्या गणितात जी दोन उत्तरं निघतात ती दोन्ही एक्सचीच आहेत आणि एक्स म्हणजे रुंदी, त्यातलं एकसुद्धा लांबी नाही. रुंदी उणे असू शकत नाही म्हणून उणे बारा सोडून द्यायचे, तसं वाक्य लिहायचं, मग रुंदी ७, आणि लांबी म्हणजे एक्स + ५ बरोबर १२, ही वेगळी ओळ. "फरक अमुक आणि गुणाकार अमुक" अशा गणितात टाकून दिलेल्या किमतीचं चिन्ह काढलं की दर वेळी लांबीच मिळते, पोरांना वाटतं हाच नियम आहे, आणि गणित जरा बदललं की फसतात. चुकीच्या रस्त्यानं बरोबर गावाला पोचलेलं लेकरू नुसत्या उत्तरावरून ओळखूच येत नाही. ऑप्शनवाल्या टेस्टमध्ये तिला ह्या गणिताला पूर्ण मार्क मिळाले असते आणि आम्ही खुश झालो असतो.

घरी आल्यावर मुलीनं हे सगळं मला आणि तिच्या पप्पांना जेवताना समजावून सांगितलं. दहावीचं गणित माझ्या डोक्यावरून जातं, पण हे मला कळलं, त्यावरून काय ते समजा.

दुसरी त्यांची लढाई आहे बरोबरच्या चिन्हाशी. तुमच्या घरातलं कुठल्याही वर्गातलं लेकरू घ्या आणि त्याला म्हणा तीन पाचे किती, त्यात सात मिळव, त्याचं निम्मं कर, कागदावर लिहून दाखव. दहातली आठ पोरं लिहितील ३ × ५ = १५ + ७ = २२ ÷ २ = ११. वाचायला गुळगुळीत वाटतं पण ह्याचा अर्थ होतो की १५ बरोबर ११. बरोबरचं चिन्ह पोरं "आणि मग पुढं" ह्या अर्थानं वापरतात. मॅडम अशा ओळीला पूर्ण शून्य देतात, उत्तर ११ बरोबर असलं तरी. हे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्समधल्या माणसानं पहिल्यांदा छापलं, दर वेळी "च्या बरोबर आहे" असं शब्दात लिहून कंटाळला होता म्हणून त्यानं दोन समांतर सारख्या रेघा घेतल्या, कारण त्याच्या मते ह्याच्यापेक्षा सारख्या दोन गोष्टी जगात सापडणार नाहीत. ही गोष्ट मॅडम दर बॅचला सांगतात, माझ्या धाकट्यानं पण ताईकडून ऐकून पाठ केलीय आणि पाहुण्यांना सांगत फिरतो. तो सहावीत आहे आणि स्वतः अजून ३ × ५ = १५ + ७ असंच लिहितो, ते सोडा.

सेमीच्या पोरांचा एक वेगळाच घोळ असतो, तो इथं चांगला हाताळतात. सेमीत गणित इंग्रजीत लिहायचं आणि शिकवणं ऐकायचं मराठीत, त्यामुळं पोरांना कळलेलं असतं मराठीत आणि लिहिताना गिव्हन, टू प्रूव्ह, प्रूफ एवढी हेडिंगं घालून खाली नुसती चिन्हं. भूमितीत तर विचारू नका. दोन त्रिकोण समरूप आहेत म्हणून लिहितात, का आहेत ते लिहीत नाहीत. मॅडमचा नियम असा की भूमितीच्या सिद्धतेत प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण, दिलेलं आहे, संगत कोन, एकाच कंसातले कोन, को-को कसोटी, जे असेल ते. सेमीवाल्यांनी आधी मराठीत पेन्सिलनं लिहायचं आणि मग त्याचंच इंग्रजी करायचं. आणि त्रिकोणाची नावं लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम. एबीसी समरूप पीक्यूआर म्हणलं की एबीची जोडी पीक्यूशी, गुणोत्तर एबी भागिले पीक्यू, हे क्रमातच आलंय, आकृतीकडं बघायची पण गरज नाही, पण तोच क्रम चुकीचा लिहिला की खाली गुणोत्तर चुकतं आणि पोरगं आकृतीत डोळे घालून बसतं की चुकलं कुठं. ही बाब पोरीला मोठ्या क्लासमध्ये कुणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल पण माईकवरून दीडशे पोरांत तिच्यापर्यंत पोचली नसेल.

बोर्डाच्या हिशोबानं बघितलं तरी हे कामाचं आहे. दहावीला बीजगणित ४० आणि भूमिती ४०, दोन वेगळे पेपर, दोन-दोन तास, बाकी २० अंतर्गत. चाळिसातले ऑप्शनवाले फक्त चार मार्क. उरलेल्या छत्तिसात लिहूनच दाखवायचंय. आणि तपासताना पायरीला मार्क असतात, सूत्र लिहिलं, किंमत बरोबर घातली, आकडेमोड केली, उत्तर एककासहित लिहिलं, असं तुकड्यातुकड्यानं. म्हणजे सांख्यिकीत गृहीतमध्य पद्धतीचं मोठं कोष्टक घेतलं आणि शेवटच्या बेरजेत एक हातचा विसरला, तर कोष्टक समोर असेल तर बहुतेक मार्क हातात राहतात, आणि नुसतं चुकीचं उत्तर लिहिलं असेल तर तपासणाऱ्यानं मार्क द्यायचे तरी कशाला. निकालानंतर बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते, पुनर्मूल्यांकनाला टाकता येतं, पण त्यात पण जे कागदावर आहे त्यालाच मार्क, डोक्यात होतं त्याची फोटोकॉपी निघत नाही.

आणि कृतीचे प्रश्न. पालकांपैकी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रश्न २ आणि ३ मध्ये बोर्ड स्वतःच गणित सोडवून देतं आणि मधल्या पायऱ्यांमध्ये रिकाम्या चौकटी ठेवतं, त्या भरायच्या. दोन्ही मिळून सात मार्क. ऐकायला फुकटचे मार्क वाटतात, पण ज्या पोराला उडी मारून उत्तराला जायची सवय आहे ते तिथंच गोंधळतं, कारण दुसऱ्याच्या पायऱ्यांवरून चालायचं असतं. मॅडमकडं ह्याची प्रॅक्टिस मस्त आहे, शनिवारी वह्यांची अदलाबदल असते, शेजाऱ्यानं सोडवलेल्या गणितातल्या दोन ओळी मॅडम कागदाच्या पट्टीनं झाकतात आणि तुम्ही सांगायचं झाकलेल्या ओळीत काय असेल. सांगता नाही आलं तर दोष लिहिणाऱ्याचा का वाचणाऱ्याचा ह्यावर जोरात भांडण होतं. पोरांना हा दिवस सगळ्यात आवडतो, माझी मुलगी ताप असताना शनिवारी गेली होती.

मोबाईलवर फोटो काढला की गणित सोडवून देणारे ॲप आता सगळ्या पोरांकडं आहेत, आणि ते ॲप पायऱ्या पण दाखवतात, त्यामुळं तुम्हाला वाटेल की मग पायऱ्यांचं कौतुक काय राहिलं, होमवर्क उतरवून न्यायचा. मॅडमनी त्याला बंदी घातली नाही. त्यांना उतरवलेलं लगेच कळतं, कारण आपल्याकडं मधलं पद फोडून अवयव पाडतात आणि ॲपवाल्यानं सूत्र लावलेलं असतं, मग त्या शांतपणे म्हणतात फळ्यावर ये आणि ही चौथी ओळ तिसरीवरून कशी आली ते सांग. एक मुलगा खरंच सांगू शकला, तर त्याला पूर्ण मार्क दिले. बाकीचे दोघं-तिघं आता उतरवत नाहीत, किंवा उतरवतात पण समजून घेऊन उतरवतात, जे काही असेल.

एवढं कौतुक केलं, आता दुसरी बाजू. पोर्शन मागं राहतो. दिवाळीपर्यंत शाळेत वर्गसमीकरणं होऊन अंकगणिती श्रेढी पण संपली होती आणि इथं अजून सूत्र पद्धतीत वजा पाचाला कंस का घालायचा हे चाललेलं, म्हणजे कंस न घालता −५² लिहिलं की उणे पंचवीस होतात आणि कंस घातला की अधिक पंचवीस, महत्त्वाचं आहे मान्य, पण किती दिवस? शेवटी जानेवारीत एक्स्ट्रा क्लास घेऊन भरून काढलं, रविवार सगळे गेले, आणि महत्त्वमापन तर अक्षरशः पळवत नेलं. शंकू आणि शंकूछेदाची प्रॅक्टिस आम्ही घरीच करून घेतली. ज्यांची शाळा स्वतःच हळू चालते त्यांनी हे लक्षात ठेवा.

दुसरं, मॅडम अतिरेक करतात. ७ + ५ = १२ हे पण कच्च्या कामात दिसलं पाहिजे असं नाही हो बाई! दहावीच्या पोराला एक्स + ५ = १२ म्हणून एक्स = ७ ही एका ओळीची गोष्ट आहे, तिथं दोन्ही बाजूंतून ५ वजा करून असं वाक्य लिहायला लावणं म्हणजे हातातल्या पेनाला त्रास. त्यांच्याशी बोलले तर त्या म्हणाल्या "सुरुवातीचे दोन महिने सगळं लिहायचं, नंतर काय गाळायचं ते मी सांगते." आणि खरंच नंतर गाळू देतात, पण तोपर्यंत हुशार पोरं वैतागतात. आमच्या ओळखीतला एक मुलगा, ऑलिम्पियाड वगैरे करणारा, त्यानं तीन आठवड्यांत सोडला. त्याचं पण चुकलं असं मी म्हणणार नाही.

मात्र एका जागी त्यांचा हट्ट मला पटला. एक्सवर्ग = ५एक्स असं आलं की पोरं झटकन एक एक्स उडवतात आणि एक्स = ५ लिहून मोकळी. "उडवला" हा शब्द मॅडमकडं चालत नाही. काय केलं ते लिही. दोन्ही बाजूंना एक्सनं भागलं. बरं, एक्स शून्य असेल तर भागता येतं का? नाही येत, आणि शून्य हे पण उत्तर आहे ह्या समीकरणाचं, तेच तू उडवून टाकलंस. केलेली क्रिया शब्दात लिहिली असती तर लिहितानाच पेन अडलं असतं.

तिसरी गोष्ट, आणि लातूरमध्ये ही सगळ्यात मोठी. अकरावी-बारावीला तुम्हाला सीईटी, जेईई (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षा) करायची असेल तर ह्या क्लासचा थेट उपयोग नाही. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, प्रश्नाला दोन मिनिटं पण मिळत नाहीत, तिथं तुमच्या पायऱ्या कुणी बघणार नाही, कॉम्प्युटरवर ऑप्शन बरोबर निवडला का एवढंच. आमच्याकडं सगळं वातावरणच तसं आहे, नांदेड, परभणी, हिंगोलीहून लेकरं इथं येऊन होस्टेलला राहतात, मेसचं खातात, ती काही भूमितीच्या सिद्धतेसाठी येत नाहीत. त्यामुळं माझे दीर म्हणतात की दोन वर्षांनी जे लागणारच नाही ते कशाला शिकवता, आठवीपासूनच स्पीड वाढवा. माझं मत वेगळंय. मुलगी आता टाइम लावून सोडवते तेव्हा पण उजवीकडं रेघ मारून कच्चं काम रांगेत करते, आणि उत्तर ऑप्शनमध्ये नाही सापडलं की पूर्ण गणित परत करत नाही, वर जाऊन नेमकी ओळ शोधते. वेळ वाचतोच की. पण हे माझ्या पोरीचं, सगळ्यांचं असंच होईल ह्याची गॅरंटी मी कशी देणार. दिरांना पटलेलं नाही, त्यांनी त्यांच्या मुलाला ट्युशन एरियातच टाकलंय.

सोयी म्हणाल तर जवळपास नाहीत. पंखे दोन, लाइट गेली की इन्व्हर्टरवर एकच चालतो, आणि एप्रिल-मे मध्ये पोर्चमध्ये बसणाऱ्या पोरांचे हाल होतात. बेंच नाहीत, खाली सतरंजी, मांडीवर पॅड. फळा लहान आहे आणि मॅडम स्वतः पण एका ओळीत एकच पायरी लिहितात त्यामुळं सारखा पुसावा लागतो, मागच्या पोरांचं उतरवायचं राहून जातं. रँक, एसएमएस, पालक मीटिंग, काही नाही. वहीच्या शेवटच्या पानावर मॅडम दर महिन्याला दोन-तीन ओळी लिहितात, तेवढाच रिपोर्ट. आमच्या वहीत एकदा लिहिलं होतं, "विचार बरोबर, दोन ओळी गिळते. जेवण घाईत करते का?" करते हो, खरंच करते.

मार्कांचं विचारलंच कुणी तर सांगते, पूर्वपरीक्षेला सहामाहीपेक्षा बरेच वाढले, आणि जे गेले ते आकडेमोडीत गेले, मांडणीत एकही नाही. पाचपैकी चार देईन. हळू शिकणाऱ्या, घाबरणाऱ्या आणि "डोक्यात केलं" म्हणणाऱ्या लेकरांना नक्की टाका. ज्याची मांडणी आधीच चांगली आहे आणि फक्त स्पीड पाहिजे त्यानं इथं पैसे घालू नयेत.

जायचंच असेल तर एप्रिलच्या आत विचारून ठेवा, जूनमध्ये जागा राहत नाही. मुलाला सोबत न्या आणि त्याची चालू वही न्या, मार्कलिस्ट नेऊ नका, त्या बघत नाहीत. दुपारी दोन ते चार बेल वाजवू नका. गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा, आत वळवायला जागा नाही, आणि समोरच्या घरातले काका गेटपुढं गाडी दिसली की फार बोलतात.